प्रशिक्षण झालं, पण उपचार तेच राहिले? पशुवैद्यकांनो, या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या पशुवैद्यकाला एकाच आठवड्यात संकरित होल्स्टिन गाय, सांगोल्याच्या माळावरचा खिल्लार खोंड, पंढरपुरी म्हैस आणि उस्मानाबादी शेळ्यांचा कळप असं सगळं बघावं लागतं. कॉलेजात शिकलेल्या शिदोरीवर आयुष्यभर भागत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पटलेलं आहे. म्हणून आपण प्रशिक्षणांना जातो, रात्री जेवण उरकून ऑनलाइन व्याख्यानं ऐकतो, प्रमाणपत्रं फाइलला लावतो. तरीही पाच वर्षांपूर्वीची आणि आजची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली तर पुष्कळदा औषधं तीच, मात्रा तीच आणि क्रमही तोच दिसतो. नवीन माहिती औषधांच्या पेटीत आणि हाताच्या सवयीत उतरली नाही, तर आपण कितीही तास ऐकलं तरी गोठ्यातल्या जनावराला त्याचा उपयोग नाही. ती वाटेत कुठे अडते आणि तिथे काय करायचं, याबद्दल हे लिहितो आहे.

चिठ्ठी बदलली, पेटी बदललीच नाही

सगळ्यात ठळक उदाहरण वेदनाशामकांचं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे सिद्ध झाल्यावर २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ती बाटली ३ मिलिपुरती मर्यादित केली. पुढे २०२३ च्या जुलैत केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक, आणि २०२४ च्या डिसेंबरअखेर निमेसुलाइड, यांच्याही जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. अॅसिक्लोफेनॅकचं गायीच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं, त्यामुळे ते वेगळं औषध समजणं मुळातच चुकीचं होतं.

ही बंदी बहुतेकांनी ऐकलेली असते. चूक त्यानंतर होते. पेटीच्या तळाशी जुनी बाटली राहते, गाडीच्या डिकीत एक असते, आणि दुकानदार 'साहेब, तुमचं नेहमीचं' म्हणून तेच हातात ठेवतो. संयुक्त औषधांत तर पुढे मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि मागे बारीक अक्षरात घटक. म्हणून बंदीची बातमी कळली की त्याच दिवशी पेटी, डिकी आणि दवाखान्याचं कपाट रिकामं करून प्रत्येक बाटलीचे घटक वाचा. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलेलं आहे. गायीला किलोमागे ०.५ मिग्रॅ हा त्याचा डोस पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

कॉलिस्टिन या प्रतिजैविकाचंही तेच. २०१९ च्या जुलैपासून दूध, मांस, अंडी देणाऱ्या जनावरांना ते द्यायला आणि खाद्यात मिसळायला मनाई आहे. कोंबड्यांचे शेड असलेल्या शेतकऱ्याकडे जाल तेव्हा जुन्या पाकिटांवर एक नजर टाका.

वार ओढण्याचा आग्रह

माझ्या मते आपल्या भागात नवीन ज्ञान सगळ्यात जास्त इथे हरतं. वार अडकली तर हात घालून सोडवायची, हे आपण वडीलधाऱ्यांकडून शिकलो. आजचा सल्ला याच्या उलट आहे. जोर लावून वार काढली की गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला इजा होते, तुकडे आत राहतात, जंतू खोलवर जातात आणि गाय पुढच्या वेळी उशिरा गाभण राहते. त्यामुळे ओढायचं नाही. व्यायल्यापासून दहा दिवस रोज ताप बघायचा. ताप चढला, गाय खायची थांबली किंवा घाण वास सुटला, तर अंगातून प्रतिजैविक द्यायचं. नुसती वार लोंबते आहे आणि गाय चारा खाते आहे, रवंथ करते आहे, तर थांबायचं.

हे व्याख्यानात ऐकताना सोपं वाटतं. गोठ्यात मात्र मालक समोर उभा असतो आणि त्याची बायको पदर नाकाला लावून दाराशी.

'डॉक्टर, हात घालून काढा की. मागच्या खेपेला त्यांनी अर्ध्या तासात काढून दिली होती.'

'काढता येईल, अण्णा. पण मागच्या खेपेनंतर गाय किती दिवसांनी माजावर आली?'

अशा प्रश्नाचं उत्तर बहुधा मालकाच्याच तोंडून येतं, आणि मग त्याला पटवायला फार बोलावं लागत नाही. थर्मामीटर त्याच्या हातात द्या, गुदद्वारात कसा लावायचा ते दाखवा, १०३ च्या वर गेला की फोन करा म्हणून सांगा. काहीच न करता डॉक्टर परत गेला असं त्याला वाटू नये, हे महत्त्वाचं. नवीन उपचार शिकताना तो मालकाला दोन वाक्यांत कसा सांगायचा हेही तिथेच बसून ठरवा. ते ठरलेलं नसेल तर तिसऱ्या गोठ्यात आपण मुकाट्याने हातमोजे चढवतो.

ताप दिसला की गोचीडताप

संकरित गायीला १०५ ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, अंगावर गोचीड. थायलेरिया, म्हणजे गोचिडांमुळे पसरणाऱ्या परजीवीचा ताप, असण्याची शक्यता मोठी आहे, हे खरं. पण त्या अंदाजावर ब्युपारव्हाक्वोन, डायमिनाझीन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन तिन्ही एकदम देणं म्हणजे नेमकं कशाने बरं झालं हे कधीच न कळणं. ब्युपारव्हाक्वोनला न जुमानणारे थायलेरियाचे प्रकार इतर देशांत सापडलेले आहेत आणि आपल्याकडे गोचीडनाशकांना दाद न देणारे गोचीड सापडले आहेत. औषधं उधळायची चैन आपल्याला परवडणार नाही.

रक्ताची काच (तपासणीची पट्टी) करायला दवाखान्यात एक साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. कानाच्या शिरेतला पहिला थेंब घ्या, पातळ थर ओढा, मिथेनॉलमध्ये स्थिर करा, जिम्सा हा रंग द्या. रंग नेहमी बिघडत असेल तर पाणी तपासा. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात जिम्सा पातळ केला की पेशी निळ्या-करड्या दिसतात आणि परजीवी ओळखू येत नाही. डिस्टिल्ड पाणी वापरा, शक्यतो ७.२ सामूच्या बफरमध्ये. दुसरी अडचण अशी, की आजाराच्या सुरुवातीला तांबड्या पेशी स्वच्छ दिसतात आणि काच नकारात्मक येते. तेव्हा सुजलेल्या गाठीत सुई घालून तिथली काच करा. लसिका पेशींत कॉखचे निळे कण, म्हणजे थायलेरियाच्या परजीवीची खूण, दिसले तर निदान पक्कं.

मात्रेतली चूक तर सर्रास होते. ब्युपारव्हाक्वोन किलोमागे २.५ मिग्रॅ, म्हणजे ५० मिग्रॅच्या औषधात २० किलोला १ मिली. २० मिलीची बाटली ४०० किलोच्या गायीला पुरते. आपण मात्र गाय केवढीही असो, एक बाटली देऊन मोकळे होतो. वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका. छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, शरीराच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. उत्तर किलोत येतं. ७० इंच घेर आणि ६० इंच लांबी असलेली गाय ४४५ किलोची निघते, म्हणजे तिला २२ मिलीहून थोडं जास्त लागतं. शिंप्याची टेप खिशात मावते.

किराळ: पेटीत आहे ते पुरेल का?

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपला अभिमान आहे, पण पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे दरवर्षी जनावरं घेतात. तिच्यातल्या हायड्रोसायनिक आम्लाने, म्हणजेच किराळाने, जनावर मिनिटांत आडवं होतं. रक्त आणि डोळ्यांची आतली त्वचा लालभडक दिसते.

इथे एक धोका लक्षात ठेवायलाच हवा. हीच ज्वारी कधी कधी नायट्रेटची विषबाधाही करते. त्यात रक्त चॉकलेटसारखं तपकिरी होतं. किराळ समजून अशा जनावराला सोडियम नायट्राइट दिलं, तर जे बिघडलं आहे तेच आपण आणखी बिघडवतो. त्याला मिथिलीन ब्लू लागतं. म्हणून आधी सुईने थेंबभर रक्त काढून त्याचा रंग बघा. शंका असेल तर नायट्राइट टाळून फक्त सोडियम थायोसल्फेट द्या.

आणि मात्रा मोजा. थायोसल्फेट किलोमागे ५०० मिग्रॅ शिरेतून लागतं. ३०० किलोच्या जनावराला ते १५० ग्रॅम होतं, म्हणजे २० टक्के द्रावण ७५० मिली. पेटीतल्या दोन छोट्या बाटल्यांनी काय होणार? पोटातलं उरलेलं विष मारायला ३० ग्रॅम तोंडावाटे वेगळं. ज्वारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच पूड वजन करून पाकिटं भरून ठेवा. पिक्रेट कागदही बनवून ठेवता येतो. पिवळा कागद विटकरी झाला तर चाऱ्यात किराळ आहे, आणि तो चारा गावातल्या इतरांच्या दावणीतून लगेच काढायला सांगता येतं.

घशात काही अडकलंय, म्हणून हात घालू नका

म्हैस लाळ गाळते आहे, गिळत नाही, आवाज बसल्यासारखी हंबरते. मालक म्हणतो, कणीस अडकलं असेल. पशुवैद्यक उघडा हात घशात घालतो. नंतर तीच म्हैस पिसाळलेली, म्हणजे रेबीज झालेली, निघते. हे आपल्या व्यवसायात पुन्हा पुन्हा घडतं. गेल्या काही महिन्यांत कुत्रं चावलं होतं का, हे विचारल्याशिवाय लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, आणि 'नाही' हे उत्तर आलं तरी हातमोज्यांशिवाय घालायचा नाही.

रेबीजची आधीच घ्यायची लस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी घेतात. ती झालेली असेल तर संपर्कानंतर शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचीच. दवाखान्यातल्या परिचरालाही लस द्या, जनावराचं डोकं तोच धरून उभा असतो.

गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला जंतूवरची एस-१९ लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना टोचताना सुई स्वतःला लागली, तर ती जिवंत लस आहे हे विसरू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कोणाकडून शिकतो?

औषध कंपनीचा प्रतिनिधी चांगला माणूस असतो, पण तो त्याच्या औषधाबद्दलच सांगणार. त्याने पत्रक दिलं तर एक प्रश्न जरूर विचारा: दूध किती दिवस विकायचं नाही? तो आकडा लेबलवर बघा आणि चिठ्ठीवर लिहा.

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या मात्रांची गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा किती चिठ्ठ्या फिरत होत्या ते आठवा. विषाणूच्या आजारावर पहिल्या दिवसापासून भारी प्रतिजैविकं, एकावर एक. मिग्रॅ आणि मिली यातला फरक न लिहिलेली कोणतीही मात्रा वापरू नका, ती कोणीही पाठवलेली असो.

प्रशिक्षण निवडतानाही आपल्या रजिस्टरकडे बघून निवडा. वर्षभरात दगडी (कासेची सूज), गोचीडताप आणि माजावर न येणाऱ्या गायी यांच्याच नोंदी जास्त असतील, तर आधी त्यावरचं प्रशिक्षण. शिरवळ किंवा उदगीरच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष हाताने काम करायला मिळणारे दोन दिवस, घरी बसून ऐकलेल्या वीस व्याख्यानांपेक्षा मोलाचे ठरतात. शक्य असेल तर आपल्या पशुधन पर्यवेक्षकालाही पाठवा. तुम्ही रजेवर असताना तोच गोठ्यात जातो.

नमुना गेला, उत्तर आलं नाही

पुण्याच्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुने पाठवून उपयोग होत नाही, अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा बिघाड आपल्या टोकाला असतो. प्रतिजैविक दिल्यानंतर दूध घेतलं. सड स्पिरिटने न पुसता धार बाटलीत सोडली. रक्तजलासाठी इडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, नळी वापरली. बर्फ वितळून चिठ्ठी भिजली. शुक्रवारी दुपारी पार्सल टाकलं आणि ते शनिवार-रविवार वाटेत पडून राहिलं. पहिलं इंजेक्शन देण्याआधी नमुना, नळी कोणती ते आधी विचारून, चिठ्ठी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला. एवढं पाळलं तरी पुष्कळ उत्तरं मिळू लागतात.

शवविच्छेदनाचं तसंच. जनावर अचानक मेलं, नाका-गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त येतंय, तर कापायचं नाही. हातमोजे घालून कानाच्या शिरेतून काच घ्यायची आणि काळपुळी (अँथ्रॅक्स) नाही याची खात्री करायची. बाकी जनावरं मात्र शक्य तेव्हा उघडून बघा आणि मोबाइलवर फोटो ठेवा. तालुक्यातल्या चार-पाच पशुवैद्यकांनी महिन्यातून एका संध्याकाळी तेच फोटो, काचा आणि आलेले अहवाल घेऊन बसावं. बरे न झालेले केस आधी मांडायचे आणि बैठक संपण्यापूर्वी प्रत्येकाने पेटीतून काय काढलं आणि काय घातलं ते सांगायचं.