घरकुलाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी : ग्रामपंचायत नेमके काय करू शकते

समाजकार्याचे किंवा स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून ग्रामीण गृहनिर्माणाच्या कामात उतरणारे तरुण पुण्यात मला भेटतात, तेव्हा त्यांचे बहुतेक प्रश्न बांधकामाच्या खर्चाविषयी आणि घराच्या आराखड्याविषयी असतात. पुणे जिल्ह्याच्या तालुक्यांतून या कामात बरीच वर्षे घालवल्यावर मी त्यांना आधी जागेचे कागद वाचायला शिकण्यास सांगते. कारण माझ्या अनुभवात घरकुल सर्वाधिक वेळा अडते ते जागेपाशी, आणि तो अडसर दूर करण्याची सुरुवात ग्रामपंचायतीतच होऊ शकते.

७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ग्रामीण गृहनिर्माणाचा समावेश आहे. प्रत्यक्षात मात्र २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये पैसा केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात देतात आणि हप्ते थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. ग्रामपंचायतीच्या हातून ती रक्कम जात नाही. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये हे योजनेचे मूळ अनुदान आहे. त्याखेरीज रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळतात. तेव्हा सरपंचाने घर ‘मंजूर केले’ असे गावात कोणी म्हणाले, तरी तुम्ही तसे लिहू नका. ग्रामपंचायतीचे काम यादी, जागा आणि पाठपुरावा या तीन ठिकाणी आहे, आणि ते मुळीच दुय्यम नाही.

यादीचा पाया २०११ चे सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षण आणि त्यात सुटलेल्यांसाठी पुढे झालेले ‘आवास प्लस’ सर्वेक्षण हा आहे. त्यातील पात्रता-अपात्रता आणि प्राधान्यक्रम ग्रामसभेपुढे येतो. एखादे नाव वगळले असेल, तर त्याचे कारण ठरावात लिहिलेले आहे का, हे इतिवृत्ताच्या वहीत स्वतः पाहावे. तोंडी सांगितलेले कारण अपिलाच्या वेळी उपयोगी पडत नाही. ग्रामसभेला कोण आले यापेक्षा कोण आले नाही, याची नोंद मी नेहमी अधिक काळजीने ठेवत आले आहे. २६ जानेवारीच्या सभेच्या वेळी ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे गावात नसतात, आणि घराची सर्वाधिक गरज बहुधा त्यांनाच असते. म्हणून त्यांचे अर्ज आणि कागद दिवाळीपूर्वी, ती घरी असतानाच गोळा करावेत.

आता जागेविषयी थोडे सविस्तर लिहिते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. घरकुलाच्या प्रस्तावाला तो लागतो, पण तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. उताऱ्यावर आजोबांचे नाव, त्याच घरात चार भावांचे चार संसार आणि घरकुल मंजूर झालेले धाकट्या भावाच्या बायकोच्या नावावर, अशी परिस्थिती तुम्हाला वारंवार दिसेल. अशा वेळी सर्व भावांना एकत्र बसवून संमतीपत्र करून घ्यावे लागते, आणि तिथे जाणत्या सदस्याचा किंवा गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंचा शब्द तुमच्या शासन निर्णयाच्या प्रतीपेक्षा लवकर लागू पडतो. गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्याने हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे या मोजणीचा प्रारंभिक प्रयोग झाला होता.

ज्याला जागाच नाही, त्याच्यासाठी पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घेण्यास अर्थसहाय्य मिळते. सुरुवातीला ते ५० हजार रुपये होते, पुढे १ लाखापर्यंत वाढवले गेले. हिंजवडी किंवा चाकणच्या आसपासच्या भावांत मात्र एवढ्या पैशात जागा मिळण्याची आशा धरू नये. शासकीय जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहत असलेल्यांची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद आहे, पण गायरानाच्या बाबतीत, गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालामुळे अत्यंत सावधपणे पावले टाकावी लागतात. कोणाच्याही तोंडी आश्वासनावर गायरानात जोते घालू देऊ नका, कारण ते पाडले गेले तर त्या कुटुंबाचा पहिला हप्ता मातीत जातो.

मुळशी, मावळ आणि वेल्हे भागातील कातकरी वाड्यांवर ही अडचण सर्वांत तीव्र आहे. केंद्राच्या पीएम-जनमन अभियानात कातकरींसारख्या आदिम जमातींच्या घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु वाडी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेली असली, की पैसा असूनही घर उभे राहत नाही. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीने जागेची मागणी ठरावाद्वारे तहसीलदारांकडे करावी यासाठी चिकाटीने पाठीशी लागणे, हे मला या कामातले सर्वांत मोलाचे काम वाटते, मग त्याला कितीही वर्षे लागोत.

बांधकामाच्या बाजूने दोनच गोष्टी सांगते. घाटमाथ्याकडच्या गावांत भातकापणी उरकल्यापासून मे अखेरपर्यंतच काम करता येते, त्यामुळे पुढच्या हप्त्यासाठी लागणारा जोत्याचा फोटो अपलोड होण्यास झालेला उशीर थेट पुढच्या वर्षावर जातो. पंचायत समितीतील गृहनिर्माण अभियंत्यांशी तारखा आधीच ठरवून घ्याव्यात. तसेच घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू विनामूल्य देण्याचे धोरण आहे, पण ती कुठून आणि कशी मिळणार याची तहसील कार्यालयात चौकशी करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहवून घेतल्याशिवाय ती माहिती बायाबापड्यांपर्यंत पोहोचत नाही.

हवेली तालुक्यात काम करणार असाल, तर गाव अजून ग्रामपंचायतीत आहे की महापालिकेत गेले, हे प्रथम तपासा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. अशा गावांत नव्या अर्जांना शहरी योजनेचे नियम लागतात, आणि ग्रामपंचायतीचे जुने दप्तर महापालिकेकडे वर्ग झालेले असते. म्हणून नमुना ८ च्या जुन्या नोंदींची प्रमाणित प्रत प्रत्येक कुटुंबाने स्वतःजवळ ठेवली आहे ना, याची घरोघर जाऊन खात्री करावी.