सीओपीडी झालेल्या बायकोला सांभाळताना: एका रिटायर्ड कंडक्टरची वही

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. औसा, निलंगा, उदगीर, सगळा लातूर भाग उभ्यानं पालथा घातला. रिटायर झालो तेव्हा वाटलं, आता बसायचं. सहा वर्षं झाली, घरात उभाच आहे. आमच्या हिला सीओपीडी आहे. फुप्फुसातल्या नळ्या आवळल्यात, आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, आणि बिघडलं ते पहिल्यासारखं होत नाही. औषधपाणी आणि घरची व्यवस्था नीट ठेवली तर माणूस हिंडतं-फिरतं राहतं. त्या व्यवस्थेबद्दल हे लिहितोय.

हिनं जन्मात विडीला हात लावला नाही. चाळीस वर्षं तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा धूर मात्र ओढला. 1993च्या भूकंपानंतर तर आम्ही दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. चूल आतच, खिडकी नावालाही नाही. पुढं घरात गॅस आला, पण भाकरी चुलीवरचीच पाहिजे हा हट्ट माझा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कोण सांगतंय ते ध्यानात राहील.

म्हणून पहिलं काम चुलीचं. चूल बंद म्हणजे बंद, अंघोळीच्या पाण्यालाही नाही. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, सगळं घराबाहेर काढा. डासांसाठी मच्छरदाणी लावा. देवापुढं उदबत्ती नाही म्हणून आमच्या आत्याबाई महिनाभर बोलल्या नाहीत. देवानं काही म्हटलं नाही. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर अंगणात जाऊन ओढणं हा तोडगा नव्हे, कपड्याला तो वास घेऊनच माणूस आत येतो. फोडणी हा तर धुराचा सख्खा भाऊ. मिरचीचा ठसका हिला दहा मिनिटं वाकवून ठेवतो. आता मी फोडणी देताना मधलं दार लावतो आणि तिकडून विचारतो, "वास आला का?"

पंपाबद्दल, म्हणजे तोंडानं औषध ओढायच्या इनहेलरबद्दल, लोक काहीही सांगतात. सवय लागते म्हणे. सवय वगैरे काही लागत नाही. दम्याच्या सुया घेण्यात आमची चार वर्षं फुकट गेली, फुंकायच्या यंत्रावरची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कोणी सांगितलीच नव्हती. सीओपीडीचं निदान त्या तपासणीशिवाय पक्कं होत नाही, तेव्हा झाली नसेल तर आधी ती करून घ्या. पंप सुरू झाला तरी सहा महिने फरक पडेना. छातीच्या डॉक्टरांनी हिला म्हटलं, माझ्यासमोर घेऊन दाखवा. हिनं आधी श्वास घेतला, मग पंप दाबला, आणि तोंडातून पांढरा धूर वर गेला. सहा महिन्यांचं औषध असं छताला गेलं होतं.

बरोबर रीत अशी: पंप हलवायचा. श्वास सावकाश बाहेर सोडायचा. पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरून श्वास आत घ्यायला लागायचं आणि त्याच वेळी दाबायचं. सावकाश, खोल ओढायचं. मग दहा आकडे होईपर्यंत, किंवा जमेल तेवढा, श्वास धरायचा. दुसरा झटका घ्यायचा असेल तर मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबायचं. हे जुळत नसेल, आणि साठीनंतर बऱ्याच जणांचं जुळत नाही, तर स्पेसर मागा. प्लॅस्टिकचं नळकांडं असतं ते, औषध त्यात थांबतं आणि माणूस आपल्या चालीनं ओढतो. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसंच वाळू द्या. फडक्यानं पुसलं की आतून औषध भिंतीला चिकटायला लागतं. कॅप्सूलवाल्या पंपाची रीत उलटी, तिथं जोरात आणि खोल ओढावं लागतं. ती कॅप्सूल गिळायची नसते, हेही सांगून ठेवतो, कारण आमच्या शेजारच्या काकांनी गिळली होती. स्टेरॉइडचा पंप घेतला की खळखळून चूळ भरून थुंकायचं, नाहीतर जिभेवर पांढरा थर धरतो आणि जेवण नकोसं होतं.

धाप लागली की घरातली सगळी माणसं भोवती गोळा होतात आणि "घाबरू नको" म्हणतात. त्यानं माणूस जास्त घाबरतं. मी सगळ्यांना बाहेर काढतो, पंखा तिच्या तोंडावर फिरवतो आणि समोर बसतो. तिनं पुढं वाकायचं, कोपरं मांडीवर किंवा टेबलावरच्या उशीवर टेकायची. मग नाकानं श्वास घ्यायचा दोन मोजत, आणि ओठांचा चंबू करून सोडायचा चार मोजत. दवाखान्यातल्या पोरीनं "मेणबत्ती फुंकतो तसं" म्हणून शिकवलं, ते हिला जमेना. मी म्हटलं, बशीतला चहा फुंकतीस तसं. लगेच जमलं. चहा बशीबाहेर उडू नये एवढ्याच जोरानं फुंकायचं, चूल पेटवायची फुंकणी नव्हे. मी तिच्याबरोबर फुंकत राहतो, तोंडानं काही सांगत नाही.

धापेत बोलणं जमत नाही, म्हणून पलंगाला पितळी घंटी बांधलीय. एसटीचीच खूण: एक घंटी म्हणजे थांबा, इकडं या. दोन घंट्या म्हणजे चाललंय, चालू द्या.

वही ठेवा. आमच्या घरात तिला वेबिलच म्हणतात, कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदाचं नाव. रोज सकाळी दहा मिनिटं शांत बसल्यावर बोटाच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा, निळा पंप (धाप लागली की घ्यायचा तो) दिवसात किती वेळा लागला, बेडक्याचा रंग आणि अंदाज, पायाला सूज आहे का (घोट्यावर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघायचं), झोप कशी झाली. दोन मिनिटांचं काम आहे. यंत्र लावताना नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी नको, आणि थंडीत बोट आधी चोळून गरम करा. जानेवारीत आमच्याकडं पहाटे गारठा इतका असतो की गार बोटावर 82 दाखवतं आणि तळहातात धरून गरम केलं की 90. पहिल्या हिवाळ्यात याच फरकापायी मी रात्री दोनदा गाडी बोलावली होती.

आता ऑक्सिजन. इथं माझी चूक सविस्तर लिहितो, कारण ती कोणाच्याही हातून होईल.

हिला घरी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन लावायला सांगितलं, मिनिटाला दोन लिटरवर, दिवसातले किमान पंधरा तास. आकडा 90-91 यायचा. टीव्हीवर, कोरोनात, सगळीकडं ऐकलेलं की 95च्या वर पाहिजे. दिवाळीच्या आदल्या रात्री मी काटा पाचवर नेला. आकडा 98 झाला. मी खूश. हीही म्हणाली, बरं वाटतंय. सकाळी उठवली तर डोकं धरून बसली, डोळे उघडेनात, मला "गाडी सुटली का?" विचारायला लागली. दवाखान्यात चार दिवस काढले. डॉक्टरांनी रागावून नव्हे, पण कागदावर काढून दाखवलं: या आजारात काही जणांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि जास्तीचा ऑक्सिजन दिला की तो आणखी वाढतो. त्यातून डोकेदुखी, गुंगी, बडबड. हिच्यासाठी 88 ते 92 हाच बरोबर आकडा. तुमच्या माणसाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मशीनवर चिकटवा. काट्याला घरात कोणी हात लावायचा नाही. मी त्यावर बसचं जुनं तिकीट चिकटवून 2 लिहिलंय.

लाइट जाते, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. आमचं मशीन साधारण साडेतीनशे वॅट खातं, इन्व्हर्टर तीन तास दम धरतो. म्हणून एक बी टाइप सिलिंडर भरून ठेवलाय. त्यात दीड हजार लिटरच्या आसपास असतं. दोन लिटरनं हिशोब केला तर 750 मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. मी दहाच धरतो. सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधा, आणि त्याची चावी त्याच्याच मानेला दोरीनं. पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली, इन्व्हर्टर बसला, सिलिंडर समोर आणि चावी सापडेना. नातवानं ती खेळायला नेली होती. ऑक्सिजन ओलसर करायला जी बाटली लावतात, तिच्यात बोअरचं पाणी घालू नका, क्षार धरतो. डिस्टिल्ड, नसेल तर उकळून गार केलेलं, आणि रोज बदलायचं. मशीनची जाळी आठवड्याला धुवायची. नळी लावलेली असताना जवळ गॅस नाही, समई नाही, काडी नाही, आणि नाक सुकलं म्हणून व्हॅसलीन किंवा तेलही नाही, पाण्यात बनवलेला (वॉटर-बेस्ड) मलम वापरा.

खरी दमणूक होते ती अंघोळ आणि केसांत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. हात डोक्याच्या वर गेले की हिचा श्वास संपतो. न्हाणीत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलंय, पाणी कोमट, दार अर्धं उघडं, नळी लावलेलीच. अंग पुसायला लावत नाही, मोठा टॉवेल पांघरून पाच मिनिटं बसवतो, पाणी आपोआप टिपलं जातं. परकराची नाडी पोटाला आवळली की श्वास खाली उतरत नाही. मी गाऊन आणला. "सासऱ्याच्या फोटोपुढं गाऊन घालू का?" म्हणाली. शेवटी इलॅस्टिकचा परकर शिवून घेतला, वरून सुती साडी. वेणी मी घालतो. पहिले पंधरा दिवस ती दोरखंडासारखी व्हायची. आता तीन पेड सारखे येतात, फक्त शेवटाला रबर लावताना केस ओढले जातात आणि "काय करायलात हो!" ऐकावं लागतं. ही कामं एका दमात उरकायची नाहीत. अंघोळ, मग अर्धा तास आराम, मग वेणी, मग जेवण.

जेवण थोडं थोडं, पाच वेळा. पोट गच्च भरलं की फुप्फुसाला जागा उरत नाही. कोरडी भाकरी घशात अडकते, आमटीत किंवा दुधात कुस्करून द्या. या आजारात अंग वाळतं, म्हणून अंडं, डाळ, दही, शेंगदाण्याचा लाडू, हुलग्याचं माडगं. हिला हरभऱ्यानं गॅस धरतो, तो बंद. जेवून लगेच आडवं होऊ द्यायचं नाही. आणि दिवसभर पलंगावर ठेवू नका, पायातली ताकद गेली की धाप वाढते. आम्ही अंगणात दहा फेऱ्यांपासून सुरुवात केली. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

सोयाबीनची मळणी आणि पुढं तुरीची, या दिवसांत हिला लातूरला लेकीकडं पाठवतो. भुसकट हवेत आठवडाभर असतं. उन्हाळ्यात शेताचे धुरे, म्हणजे बांध, जाळतात तेव्हाही तेच. वेळ अमावस्येला, म्हणजे शेतातल्या पूजेच्या आणि जेवणाच्या सणाला, मात्र ती ऐकत नाही. शेतात जातेच, तोंडाला रुमाल बांधून, धूर येणार नाही अशी, वारा येतो त्या अंगाला बसते आणि आंबील पिते. त्या एका दिवसाला मी आडवा जात नाही.

डॉक्टरांना कधी गाठायचं? बेडका पिवळा-हिरवा झाला किंवा वाढला, निळा पंप रोजच्यापेक्षा जास्त लागायला लागला, ताप आला, पाय सुजले, यातल्या दोन गोष्टी वहीत दिसल्या की त्याच दिवशी फोन. उद्या बघू म्हणायचं नाही. ओठ निळे, एक शब्दही पुरा बोलता येत नाही, गुंगी किंवा बडबड, आकडा ठरवून दिलेल्या हद्दीच्या खाली जाऊन वर येत नाही, तर थेट 108. गाडीत बसताना वही आणि पंप बरोबर घ्या, आणि ऑक्सिजन किती लिटरवर असतो ते आधी सांगा.

सांभाळणाराही माणूसच असतो. मी एकदा रात्री तीनला खोकल्याच्या आवाजावर ओरडलो होतो. महिन्यातले चार दिवस लेक येते, तेव्हा मी मित्राच्या रानात जाऊन नुसता झोपतो. त्याची लाज वाटून घेऊ नका.

सगळी कामं मात्र काढून घेऊ नका. हिला स्वयंपाकघरातून उठवली तेव्हा आठवडाभर बोलली नाही. आता मधल्या खोलीत, नळी लावून, खुर्चीवर बसून, टेबलावर परात घेऊन ती रोज एक भाकरी थापते. गॅस आतल्या खोलीत, म्हणून ओली भाकरी प्लॅस्टिकच्या कागदावर घेऊन तव्यापर्यंत मला पळावं लागतं. निम्म्या वेळा दारातच मोडते. तिला ते आवाजावरून कळतं. दोन घंट्या वाजतात आणि ती दुसरा गोळा घेते.