मोडलं तरी चालू राहणारं सकाळचं रुटीन कसं बसवायचं

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तर चारच टिकले. वहीत पट्टीने रेघा मारून मस्त तक्ता केला होता, ५ ला उठणे, ५:१० ध्यान, ५:३० व्यायाम, ६ ला वाचन, ६:३० ला डायरी, आणि प्रत्येकासमोर टिक करायला चौकोन. पाचव्या दिवशी जाग आली ५:४० ला. आता ५:४० म्हणजे काही उशीर नाही, हातात चांगला तास-दीड तास होता, पण तक्त्याप्रमाणे मी तेव्हा व्यायाम करत असायला हवं होतं आणि ध्यान तर हुकलंच होतं, मग डोक्यात आलं की जाऊदे आजचा दिवस गेला, उद्यापासून नीट करू, आणि परत पांघरूण ओढलं. तो उद्या काही उगवला नाही. असं तीनदा तरी झालं असेल, दरवेळी नवी वही.

बराच काळ मला वाटायचं मी आरंभशूर आहे, आळशी आहे. आता वाटतं की आळस थोडा असेलच पण खरी गडबड तक्त्यात होती. सगळं घड्याळाला टांगलेलं, त्यामुळे पहिली खुंटी निसटली की सगळंच खाली.

ह्यावर एक अभ्यास वाचला आणि जरा बरं वाटलं. गूगलच्या अडीच हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांवर अमेरिकेतल्या संशोधकांनी केलेला, २०२१ मध्ये छापून आला. काहींना ठरलेल्या वेळेतच जिमला गेलं तर पैसे, काहींना दिवसात कधीही गेलं तरी पैसे. आपल्याला वाटेल की ठरलेल्या वेळेवाल्यांची सवय पक्की होईल. झालं उलटं, पैसे बंद झाल्यावर कधीही जाणारे लोक जास्त जात राहिले. वेळ ठरवलेले लोक त्यांच्या वेळेला जायचे, पण ती वेळ चुकली की त्या दिवशी जायचेच नाहीत. म्हणजे माझ्या ५:४० सारखंच.

तर आता मी काय करतो ते सांगतो, तुम्ही तुमच्या हिशोबाने बदला.

सगळ्यात आधी झोप. हे कंटाळवाणं आहे पण ह्याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट. मोठ्या माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात, त्यामुळे उठायची वेळ ठरवण्याआधी तुम्ही खरंच किती वाजता झोपता ते आठवडाभर नुसतं लिहून ठेवा. किती वाजता झोपायला हवं ते लिहू नका, किती वाजता झोपता ते लिहा. साडेबाराला झोपणारा माणूस ५ ला उठायचं ठरवतो तेव्हा तो पर्सनल ग्रोथ वगैरे काही करत नसतो, रोज अडीच तास झोपेचं कर्ज काढत असतो आणि ते तो दुपारी जांभया देऊन फेडतो. लवकर उठायचंच असेल तर आधी झोपायची वेळ १५-१५ मिनिटांनी अलीकडे आणा, उठणं आपोआप अलीकडे येतं. आणि काही लोक मुळातच रात्री उशिरापर्यंत जागणारे असतात, तो शरीराचा भाग आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाहीये. ७:३० ला उठूनही हे सगळं करता येतं.

उठल्या उठल्या डोकं जड असतं ना, तेही साहजिक आहे, बहुतेकांना १५ ते ३० मिनिटं लागतात नीट भानावर यायला, झोप अपुरी असेल तर त्याहून जास्त. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात अवघड काम ठेवू नका. मी आधी उठल्यावर लगेच जड पुस्तक घेऊन बसायचो, एकच परिच्छेद चारदा वाचायचो आणि मग स्वतःलाच मठ्ठ ठरवायचो. आता आधी पाणी, तोंड धुणं, खिडकी उघडून किंवा बाहेर जाऊन दहा मिनिटं उजेडात उभं राहणं. आभाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि शरीरातलं घड्याळ त्याच उजेडावर रोज जुळवलं जातं. ह्याला इच्छाशक्ती लागत नाही, नुसतं उभं राहायचंय.

मग येतो मुख्य प्रश्न, की वाढवायचंय काय. एकच गोष्ट निवडा. मला माहितीये ध्यान पण हवंय, व्यायाम पण, भाषा पण शिकायचीये, लिहायचं पण आहे, पण दोन-तीन महिने एकच. आणि ती अशी लिहा की दुसऱ्या माणसाला वाचून करता आली पाहिजे. "वाचन" हे काम नाही, ती इच्छा आहे. "टेबलावर ठेवलेलं पुस्तक उघडून दोन पानं वाचणे" हे काम.

आता त्याला वेळ देऊ नका, जागा द्या. म्हणजे रोज कुठलंही मोडकंतोडकं का असेना पण होतंच अशा कामाच्या मागे ते जोडा. ब्रश झाला की टेबलाशी बसायचं. चहा-कॉफीचा कप हातात आला की वही उघडायची. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं ह्यावर भरपूर काम आहे, "अमुक झालं की मी तमुक करेन" असं आधीच ठरवून ठेवलं तर ते काम व्हायची शक्यता नुसत्या "मी करणारच" पेक्षा वाढते. ब्रश ६ ला होवो नाहीतर ८ ला, त्याच्या मागचं काम त्याच्या मागे येतंच. क्रम तोच, घड्याळ कुठेही असू दे.

आणि आता ज्याच्यामुळे माझं गाडं खरंच रुळावर आलं ती गोष्ट, एकाच कामाचे तीन साइझ. मोठा, मधला, चिमुकला. समजा नवीन भाषा शिकायचीये. मोठा म्हणजे ४० मिनिटं, एक धडा, त्याचा स्वाध्याय आणि मोठ्याने वाचन. मधला म्हणजे १५ मिनिटं, कालच्या धड्याची उजळणी आणि पाच वाक्यं लिहिणं. चिमुकला म्हणजे तीन शब्द मोठ्याने म्हणणं, झालं, दोन मिनिटं. व्यायामाचं तसंच, मोठा म्हणजे पूर्ण व्यायाम, मधला म्हणजे भरभर चालून येणं, चिमुकला म्हणजे दहा उठाबशा.

इथे लोक हमखास एक चूक करतात, मीही केली, ती म्हणजे चिमुकला साइझ शेवटी ठरवायचा किंवा ठरवायचाच नाही. तो आधी ठरवा. तुमच्या आयुष्यातली सगळ्यात भंगार सकाळ डोळ्यांसमोर आणा, रात्री झोप नाही, डोकं ठणकतंय, निघायला १२ मिनिटं उरलीत, त्या सकाळीही जे होईल तोच तुमचा चिमुकला. त्यात "नाही जमलं" म्हणायला जागाच उरली नाही पाहिजे. हसू आलं पाहिजे इतका छोटा हवा.

दुसरी चूक म्हणजे कुठला साइझ करायचा हे मूडवर सोडणं. मूडला विचारलं तर तो रोज चिमुकलाच म्हणणार, मूड काय आपला मित्र आहे का. म्हणून नियम आधीच करून ठेवायचा, निघायला तासाहून जास्त वेळ असेल तर मोठा, अर्धा ते एक तास असेल तर मधला, त्याहून कमी असेल तर चिमुकला. एका कागदावर लिहून आरशाशेजारी चिकटवा. सकाळी निर्णय घ्यायचा नाही, फक्त घड्याळ बघायचं आणि कागद वाचायचा. हो, इथे घड्याळ आलं, पण ते फक्त माप सांगायला.

फोनबद्दल जास्त सांगत नाही, सगळ्यांना माहितीये. उशाशी ठेवू नका, साधं अलार्मचं घड्याळ आणा.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे किंवा कुणी आजारी आहे किंवा ज्यांना रात्रपाळी आहे ते म्हणतील की हे सगळं मोकळ्या लोकांचं आहे. खरंय, सकाळचे बहुतेक सल्ले असेच असतात, जणू घरात दुसरं कोणी राहतच नाही. पण सकाळ म्हणजे सूर्योदयच असं कुठे लिहिलंय. रात्रपाळीवाल्याची सकाळ तो झोपून उठतो तेव्हा, मग दुपारचे ३ का वाजेनात. मूल असेल तर खुंटी, म्हणजे ज्याच्या मागे काम जोडायचं ती गोष्ट, मुलाच्याच दिवसात शोधा, ते शाळेत गेलं आणि दार लागलं की, किंवा ते झोपलं की. जिथे आठवड्यातून दोन-तीन दिवसच अशी जागा मिळते तिथे दोन-तीन दिवसच ठरवा, बाकीचे दिवस चिमुकला. आणि घरातल्यांना सांगून ठेवा, की ही पंधरा मिनिटं मी हाकेला ओ देणार नाही. न सांगता चिडण्यापेक्षा ते बरं.

आता खाडा. तो होणार, गृहीतच धरा. २१ दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे फिरतं ना, ते मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून आलंय, पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. ह्यातलं "कमीत कमी" वाटेत कुठेतरी गळून पडलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर पाहणी केली, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस असा आकडा निघाला, पण कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज, इतका फरक. मला त्यातलं आवडलं ते हे की एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसण्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणून खाडा झाला की दुसऱ्या दिवशी भरपाई करायची नाही, डबल वगैरे अजिबात नाही, दुसऱ्या दिवशी मुद्दाम चिमुकला करायचा, वेळ असला तरी. एकदा रुळावर चढलात की मग मोठा.

आठवड्यातून एकदा दहा मिनिटं वही घेऊन बसा आणि फक्त साइझ मोजा, किती मोठे, किती मधले, किती चिमुकले. सलग दोन आठवडे चिमुकलेच येत असतील तर एकतर झोप कमी पडतेय, नाहीतर तुम्ही निवडलेली गोष्ट तुम्हाला मनातून नकोच आहे, कोणीतरी करतंय म्हणून घेतलीये. मी ध्यान असंच सोडलं, दीड महिना रोज दोन मिनिटं डोळे मिटून भाजीची यादी करत होतो, शेवटी त्या जागी लिखाण टाकलं आणि पहिल्याच आठवड्यात चार मोठे आले. ब्रशनंतर टेबल, ही खुंटी तीच राहिली, फक्त तिच्यावर टांगलेलं बदललं.

सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त झोपा, त्याहून जास्त नको, नाहीतर सोमवारी उठताना पुन्हा तीच कुस्ती. आज रात्री करायचं एवढंच, कागदावर तीन साइझ लिहा, वही-पेन टेबलावर काढून ठेवा, आणि ब्रशशेजारी तो कागद चिकटवा.