चार विरुद्ध चार: मुलांना फुटबॉल शिकवताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी समुद्रकिनाऱ्यावर सोळा पोरांची आठ-आठ अशी वाटणी केली आणि मध्ये एक बॉल टाकला. मासळीच्या टोपलीवर कावळे पडावेत तशी सगळी त्या बॉलवर पडली. एक मुलगी तेवढी पाण्याच्या कडेला शिंपले वेचत होती. अर्ध्या तासात तिच्या पायाला बॉल दोनदा लागला, त्यातही एकदा चुकून. ‘हिचं लक्षच नसतं,’ असं मी तिच्या मावशीला सांगूनही मोकळा झालो.

हिशेब केला तो घरी आल्यावर. अर्धा तास, सोळा मुलं, एक बॉल. अगदी समसमान वाटला तरी एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. तीच सोळा मुलं दोन मैदानांवर चार-चार अशी खेळवली, तर वाटा सरळ दुप्पट. दुसऱ्या दिवशी तेच केलं. शिंपले तिथेच राहिले.

आपल्याकडे संघ म्हटला की अकरा, हे डोक्यात पक्कं बसलंय. पण इंग्लंडमध्ये अकरा-बारा वर्षांची मुलंसुद्धा नऊ-नऊ खेळतात. जर्मनीने तर 2024-25 च्या हंगामापासून लहान गटांना छोट्या मैदानांवर, छोट्या गोलांवर खेळवणं बंधनकारक केलं.

मैदान अंदाजाने आखू नका. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चार-चारसाठी मोठ्या माणसाची तीस पावलं लांबी आणि वीस पावलं रुंदी पुरते. बारापर्यंतच्यांना चाळीस बाय तीस. पोरं सारखी एकमेकांवर आदळत असतील तर रुंदी वाढवा. नुसतीच धावून दमत असतील तर मैदान आत घ्या. कोरड्या वाळूत बॉल घरंगळतच नाही, तिथे पास शिकवायला जाऊ नका. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू हवी.

इथेच माझ्यासारखे बरेच जण फसतात. वर्ग ‘रोज साडेचारला’ ठेवला, पण समुद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो. सोमवारी साडेचारला असलेली ओहोटी शुक्रवारी पावणेआठच्या सुमारास जाते. किनाऱ्यावरची जुनी माणसं ‘तिथीची पाऊणपट’ सांगतात, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, अमावास्या-पौर्णिमेला त्याच वेळी ओहोटी. म्हणून मी कॅलेंडर बघूनच वर्ग लावतो. पौर्णिमेच्या आजूबाजूला किनारा, अष्टमीच्या आजूबाजूला भातकापणी झालेलं एखादं शेत किंवा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट माळ. सड्यावर मात्र गोलकीपरला उडी मारू देऊ नका, जांभा गुडघ्याचं सालटं काढतो.

ओरडून डावपेच शिकवता येत नाहीत. ‘पास कर! पास कर रे!’ हे माझंही चालायचं. एकदा एक जण रडवेला होऊन आला, “सर, तो माका पासच देणा नाय.” ज्याची तक्रार होती त्याला विचारलं, तर त्याला हा दिसलाच नव्हता. मान खाली, बॉल पायात आणि समोर एकच गोल. तो आणखी करणार काय?

मग खेळच बदलला. हॉर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने तीन-तीनच्या खेळात चार छोटे गोल वापरले होते. तसे प्रत्येक बाजूला दोन गोल लावले, दोन्ही कोपऱ्यांजवळ, दोन-दोन चपलांचे. एका गोलापुढे गर्दी झाली की दुसरा मोकळा पडतो. तो बघायचा तर मान वर करावी लागते, आणि मान वर झाली की बाजूला हात हलवणारा मित्रही दिसतो. मला तोंड उघडावं लागलं नाही.

नियम मात्र एका वेळी एकच बदला. आणि ‘दोनच टच’ची, म्हणजे बॉलला दोनदाच पाय लावून तो सोडायची, सक्ती लहानांवर नको. ज्याला बॉल अडवायलाच तीन टच लागतात, तो घाबरून कुठेही लाथ मारतो, आणि ड्रिबलिंग, म्हणजे बॉल पायात खेळवत नेणं, शिकायचं वय फुकट जातं.

‘तू बॅक, पुढे जायचं नाही’ हे टाळा. चार जणांची पतंगासारखी मांडणी करा: एक मागे, दोन बाजूंना, एक पुढे. बॉल ज्याच्याकडे असेल त्याला तीन दिशांना साथीदार मिळतो. जागा ठरलेल्या असाव्यात, माणसं नव्हे. मागचा पुढे गेला की बाजूचा मागे येतो, एवढं कळलं तरी वर्ष सार्थकी लागलं.

बचाव समजावताना मी रापण सांगतो, म्हणजे समुद्रात लांब जाळं पसरून ते दोन्ही बाजूंनी किनाऱ्याकडे ओढायची मासेमारी. आपला बॉल असताना जाळं लांब पसरायचं. बॉल गेला की जवळच्याने त्याच्यावर जायचं आणि बाकीच्यांनी दोऱ्या ओढल्यासारखं आत यायचं. एकच बाजू घाईने ओढली तर मासळी कुठून निसटते, हे इथल्या पोरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

काही वेळा अडतंच. कुणी आपल्याच गोलात ठाण मांडून बसला, तर हल्ला करणाऱ्या संघाचे सगळे मध्यरेषेपलीकडे गेल्यावरच गोल धरायचा आणि गोल दोन पावलांइतकाच ठेवायचा. एकच पोरगा सगळे गोल मारतो? त्याला बांधून घालू नका, त्याच्या संघात एक भिडू कमी द्या. बॉल पाच नंबरचा आणला असेल तर तो मोठ्यांना द्या. आठ वर्षांखाली तीन नंबर, बारापर्यंत चार. आणि पाच मिनिटं खेळ, मग दीड-दोन मिनिटं सावलीत पाणी. दमट हवेत यात काटकसर नको.

नऊच जण आले, तर नवव्याला लिंबूटिंबू करून कडेला उभं करायची आपली सवय आहे. त्याला कॉमन करा, बॉल ज्यांच्याकडे असेल त्यांच्या बाजूने तो खेळेल. कॉमन म्हणून मी सगळ्यात चांगला खेळणारा निवडतो, कारण त्याला गोल मारायची परवानगी नसते. गेल्या पौर्णिमेला एकाने त्यावर कुरकुर केली, दहा मिनिटं तोंड फुगवलं, आणि मग त्या शिंपलेवालीला असा पास दिला की तिने न थांबवता चपलांमधून मारला.