केबल बंद करण्याआधी: टीव्हीवरून स्ट्रीमिंगकडे कसे वळावे

पहिलं काम कागद-पेनाचं. आठवडाभर घरात टीव्हीवर काय खरोखर पाहिलं जातं ते लिहून काढा. नुसता चालू राहिलेला टीव्ही त्यात धरायचा नाही. मग यादीतली प्रत्येक गोष्ट कोणत्या ॲपवर मिळते ते शोधा. मालिका-चित्रपटांचं सहसा जमतं, अडतं ते थेट सामन्यांपाशी. प्रक्षेपणाचे हक्क आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. शिवाय स्ट्रीमिंगवरचं थेट प्रक्षेपण बरेचदा काही सेकंद मागे असतं. शेजारी जल्लोष होतो तेव्हा तुमच्या पडद्यावर चेंडू अजून हवेतच असतो! हे चालणार नसेल, तर निदान सामन्यांपुरतं केबल किंवा डिश ठेवा.

आता नेटचा वेग तपासा. राउटरशेजारी बसून नव्हे, टीव्हीपाशी उभं राहून, आणि रात्री सगळे घरी असताना. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं, तोही एका पडद्यासाठी. नेटच्या प्लॅनला डेटाची मर्यादा असेल तर हेही बघा: एचडीत तासाला साधारण ३ जीबी जातात, फोर-केमध्ये ७ पर्यंत.

टीव्ही स्मार्ट नसला तरी एचडीएमआय पोर्ट असला की त्यात जोडायच्या स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्सवर काम भागतं. स्टिक तिच्याच अडॅप्टरने भिंतीतल्या सॉकेटला लावा. टीव्हीच्या यूएसबीतून वीज कमी पडली की ती मध्येच बंद पडते. अनोळखी कंपनीचा बॉक्स घेताना 'वाइडवाइन एल१' (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची सर्वात वरची पातळी) आहे का, हे विचाराच. ते नसेल तर नेट कितीही वेगवान असो, अनेक ॲप एचडी देतच नाहीत. चित्र अडखळत असेल तर वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरून बघा. मध्ये भिंती असतील तर मात्र राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल (नेटची वायर) टाका, माझं मत तिलाच.

सुरुवातीला मासिकच प्लॅन घ्या, एका वेळी एकदोनच. पाचसहा ॲप घेतली की बिल केबलच्याही पुढे जातं. पैसे भरल्याबरोबर ऑटो-रिन्यू बंद करा. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा.

महिनाभर दोन्ही चालू ठेवा. त्या महिन्यात केबलचा रिमोट कुणी हातात घेतला नाही, तरच जोडणी बंद करायला सांगा. सेट-टॉप बॉक्स परत करायचा असेल तर पोचपावती घ्यायला विसरू नका.