बंद गिरणीचं वाचनालय करायचंय? मग सोलरचं कोटेशन सगळ्यात शेवटी मागवा

नगरपालिकेच्या ताब्यात एखादी बंद गिरणी, जिनिंग फॅक्टरी, जुनं पॉवर हाऊस किंवा रेल्वेचं वर्कशॉप आलं की दोन प्रकारची माणसं पुढे येतात. एक म्हणतात पाडा, दुसरे म्हणतात ग्रीन बिल्डिंग करू. आणि या दुसऱ्यांचं प्रेझेंटेशन बघितलं तर पहिल्याच स्लाइडवर छतभर सोलर, भिंतीवर व्हर्टिकल गार्डन आणि आत सेंट्रल एसी. माझं म्हणणं एवढंच की अशा इमारतीत पर्यावरणाची खरी बचत तुम्ही काय बसवता यात नसतेच, तुम्ही काय पाडत नाही, काय बदलत नाही आणि कुठे हात लावत नाही यात असते. जगभरातल्या कार्बन उत्सर्जनापैकी अंदाजे ८ टक्के एकट्या सिमेंटचं आहे. जुन्या गिरणीच्या भिंतींच्या विटा भाजताना जो धूर व्हायचा तो शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला, आता ती भिंत पाडली की मलब्याचे ट्रक आणि नवीन सिमेंट-सळई असा डबल खर्च. मुंबईत हे उलटंच झालं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, महापालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरं, उरलेलं मालकाला, आणि २००१ च्या बदलात हे वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते राहिले, म्हणजे शेड पाडून जी जागा निघेल तिच्यात वाटाच नाही. मग पाडापाडी होणार नाही तर काय. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल मान्य केला. असो, ते रडगाणं पुरे, आता तुमच्या हातात जी इमारत आहे तिचं काय करायचं ते बघू.

सुरुवात आर्किटेक्ट नेमण्यापासून करू नका. आधी तिथे आत्ता कोण काय करतंय ते बघा. ब्राझीलमध्ये साओ पाउलोला ड्रम म्हणजे लोखंडी पिंपं बनवणारा जुना कारखाना होता, लिना बो बार्दी ही आर्किटेक्ट १९७० च्या दशकात तिथे बघायला गेली तर गळक्या छताखाली पोरं फुटबॉल खेळतायत, घरचे लोक शनिवार-रविवारी येऊन खातपीत बसलेत. तिने ठरवलं की हे असंच राहिलं पाहिजे. भिंतींवरचा गिलावा काढून विटा आणि काँक्रीट उघडं ठेवलं, मोठा हॉल हॉलच ठेवला, आत वाचायला-बसायला जागा केली आणि आजही ते सेस्क पोंपेया म्हणून धो धो चालतं. आपल्याकडच्या बंद कंपाउंडमध्येसुद्धा क्रिकेट असतं, ढोलपथकाचा सराव असतो, कुणीतरी पापड वाळत घालतं. हे लोक तुमचे पहिले सभासद, त्यांना हाकलून मग 'लोकसहभाग' नावाची मीटिंग घेऊ नका.

दुसरं, इमारतीला झेपेल तोच वापर द्या. उंच, लांब, एकाच मजल्याचं विणाईचं शेड असेल तर वाचनालय, बाजार, व्यायामशाळा, प्रदर्शन हे सहज बसतं. तिथे ऑडिटोरियम घुसवायचं म्हटलं की उजेड बंद करा, आवाज अडवा, एसी लावा, मधले खांब काढा, म्हणजे जी गोष्ट फुकट मिळत होती ती आधी मारायची आणि मग विजेवर परत विकत घ्यायची. तीच गोष्ट पार्किंगची. बेसमेंट खणायचं डोक्यातसुद्धा आणू नका, जुन्या दगडी पायाच्या शेजारी खणणं म्हणजे विकतचं दुखणं.

आता स्ट्रक्चरल ऑडिट. इथे एक गंमत असते, ऑडिट करणाऱ्याला फक्त आरसीसीची सवय असेल तर बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे खांब, सागवानी कैच्या म्हणजे छत पेलणाऱ्या तिकोनी चौकटी, जॅक आर्चचे म्हणजे लोखंडी बीमच्या मधे विटांच्या छोट्या कमानी असलेले स्लॅब बघून तो 'धोकादायक' लिहून मोकळा होतो, म्हणून जुन्या बांधकामाचा अनुभव असलेलाच इंजिनिअर शोधा. त्याच्याबरोबर एक म्हातारा सुतार घ्या. कैचीचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथेच लाकूड आधी कुजतं, कारण गळणारं पाणी भिंतीत मुरतं आणि तिथे हवा लागत नाही. सुतार तिथे टोच्या घालून बघतो, आत भुसभुशीत लागलं की तेवढाच तुकडा कापून जुन्याच सागवानाचा सांधा देता येतो, अख्खी कैची बदलायची गरज नसते. जॅक आर्चमध्ये लोखंडी आय-बीमचा खालचा पट्टा बघायचा, गंज फुगून विटा उकलल्या असतील तर तिथे काम आहे, बाकीच्याला हात लावू नका. जे काढावंच लागेल त्याची यादी करून कौलं, फरशी, लाकूड, दगड आवारातच रचून ठेवा. ही अट टेंडरमध्ये लिहा, नाहीतर डिमॉलिशनवाला ते सगळं भंगारात घालून मोकळा होतो, आणि मग तुम्ही तेच सागवान जुन्या लाकडाच्या बाजारातून चौपट भावाने आणता.

त्याच वेळी विषारी काय आहे ते शोधा, हे काम मागे ढकलायचं नाही. रंगखात्याच्या खालची माती, बॉयलरच्या बाजूची जमीन, मशीनच्या तेलाने काळी पडलेली फरशी, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल, शिसं असलेला जुना रंग, या सगळ्याचे नमुने लॅबला पाठवा. आणि अॅस्बेस्टॉसचे पत्रे! गिरण्यांत कौलं उडाली की हेच टाकलेले असतात. ते फोडायचे नाहीत, ड्रिल मारायचं नाही, पाण्याने ओले करून बोल्ट सोडवून अख्खे खाली घ्यायचे, प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळायचे, आणि कामगारांना साधा रुमाल नाही तर बारीक तंतू अडवणारा योग्य मास्क द्यायचा. हा घातक कचरा आहे, तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा अधिकृत केंद्रांकडेच जायला पाहिजे, गावाबाहेरच्या ओढ्यात नाही. माती प्रदूषित निघाली तरी लगेच सगळी उचलून दुसऱ्याच्या गावात टाकायची असं नाही. जर्मनीत ड्यूसबर्गला १९८५ मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचं पार्क करताना प्रदूषित मालापैकी काही जुन्या बंकरमध्येच बंद केला, बऱ्याच जमिनीवर झाडं आपली आपण वाढू दिली आणि गॅसच्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग सुरू केलं. अर्थात हे तज्ज्ञाच्या रिपोर्टवरच, आणि लहान मुलांची खेळायची जागा अशा मातीवर कधीच नाही.

भिंतींचं सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त वाट लागते. जुन्या विटा मऊ असतात, चुन्यात बांधलेल्या असतात, ओल भिंतीतून येते आणि चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर जाते. तुम्ही सिमेंटने दर्जा भरल्या की ओलीला बाहेर पडायला विटेशिवाय रस्ता राहत नाही, मग लोणा म्हणजे ओलीबरोबर येणारा क्षार विटेतच फुलतो आणि काही पावसाळ्यांत विटेचा चेहरा झडून जातो, दर्ज मात्र तशीच टणक पुढे आलेली दिसते. कुठल्याही जुन्या स्टेशनवर किंवा सरकारी कचेरीत बघा, हे दिसेल. म्हणून चुनाच. कळीचा चुना नीट विरवून मुरवलेला, सोबत वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी, आपल्याकडचे जुने गवंडी गूळ, बेलफळ, हिरडा घालायचे ते उगाच नाही. वेळ लागतो, पावसाळ्यात काम होत नाही, तेवढं वेळापत्रकात धरा. सँडब्लास्टिंग करून भिंत 'नवी' करायला निघालेल्या माणसाला गेटवरूनच परत पाठवा, विटेची भाजलेली कातडी एकदा गेली की ती वीट स्पंज. वॉटरप्रूफ अॅक्रिलिक रंगही नको.

उजेड आणि गारवा. करवतीच्या दातांसारखं छत असतं ना, त्याची काचेची बाजू उत्तरेला असते, म्हणजे दिवसभर सावलीतला एकसारखा उजेड, वाचनालयाला याहून चांगलं काय पाहिजे. फक्त मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही जरासा उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन त्याच्याही आधीपासून येतं, तेवढ्यासाठी बाहेरून छोट्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावा. काचा धुवा, वरच्या झडपा परत उघडायला लागतील अशा करा, गरम हवा तिथूनच जाते. दोन-अडीच फुटी भिंतीतून उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात, त्यामुळे दिवसा चालणारा वापर आणि रात्री जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवणं ही जोडी झकास जमते. अख्ख्या हॉलला एसी लावायचाच नाही. ज्या खोलीला खरंच लागतो, म्हणजे सर्व्हर, जुनी कागदपत्रं, छोटी मीटिंग रूम, ती हॉलच्या आत वेगळ्या डब्यासारखी बांधा आणि तिलाच एसी द्या, बाकी मोठे संथ पंखे. नेदरलँड्समध्ये टिलबर्गला १९३२ च्या रेल्वे इंजिनांच्या शेडचं २०१९ मध्ये लोकहाल नावाचं वाचनालय झालं, त्यांनी सगळा हॉल एका तापमानाला न आणता माणसं जिथे बसतात तिथलीच हवा सांभाळली, मोठाले कापडी पडदे ओढून हॉलचे तात्पुरते भाग करतात, आणि जुन्या रुळांवर ढकलता येणारी टेबलं ठेवलीत. टिलबर्ग हे कापड गिरण्यांचंच गाव, म्हणून ते पडदे मला जास्तच आवडतात.

आता मागवा सोलरचं कोटेशन. काचेची बाजू उत्तरेला म्हणजे छताची बंद उतरती बाजू आपोआप दक्षिणेला, पॅनेलला हवी तीच, आणि बहुतेक वेळा रस्त्यावरून दिसत नाही म्हणून हेरिटेज कमिटीही फार अडून बसत नाही. पण कैच्यांना वजन आणि मुख्य म्हणजे वारा झेपतो का ते इंजिनिअरकडून लिहून घ्या. विजेचा वापर आधी कमी केलेला असेल तर पॅनेलही कमी लागतात.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. १००० चौरस मीटर छतावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख लिटर, त्यातलं ८० टक्के धरा. मुंबईत पावसाळ्यात २००० मिलिमीटरच्या वर पडतो, म्हणजे एका शेडवरून १६ लाख लिटर. जुन्या गिरण्यांना वाफेच्या इंजिनासाठी तलाव असायचा, तो बुजवू नका आणि त्यात रंगीत दिव्यांचं कारंजंही नको, तीच तुमची साठवण. अॅस्बेस्टॉसचं छत अजून असेल तर ते पाणी वापरायचं नाही.

आगीचं एक. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये छतावरच्या रेस्टॉरंटला आग लागून १४ माणसं गेली. इको-फ्रेंडली म्हणून बांबू, कापड, ताट्या लावायची हौस असते, ती बाहेर पडायच्या वाटेवर आणि छताखाली नको. दोन वेगळ्या दिशांना बाहेर पडायचे रस्ते, बंब आत येईल एवढं गेट, आणि गॅसवरचं कॅन्टीन वेगळ्या इमारतीत.

शेवटचं, देखभालीची ओळ बजेटमध्ये आत्ताच घाला, उद्घाटनानंतर कुणी देत नाही. करवती छताच्या दोन दातांमधल्या पन्हळीत पानं साचली की पाणी थेट कैचीच्या टोकावर. काही गिरण्यांत तर हे पाणी पोकळ बिडाच्या खांबातूनच खाली नेलेलं असतं, खांब तुंबला की आतून गंजतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. पन्हळी मेमध्ये एकदा, श्रावणात एकदा, दिवाळीनंतर एकदा साफ, छतावर चालायला कायमची फळी, विजेचं आणि पाण्याचं मीटर प्रत्येक भागाला वेगळं, आणि रीडिंग दर महिन्याला दारावरच्या फळ्यावर खडूने लिहायचं, म्हणजे एसी कोण रात्रभर चालू ठेवतं ते गावाला आपोआप कळतं.