इंदुरात घरगुती फराळाचा धंदा वाढवताना या चुका टाळा

रामबाग असो, राजेंद्रनगर असो की सुदामानगर, इंदूरच्या मराठी वस्तीत फराळाचा धंदा बहुधा एकाच रीतीने सुरू होतो. दिवाळीत शेजारणीला किलोभर चिवडा करून दिला, तिच्या जावेने दोन किलो चकली मागितली, पुढच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी गेली. दहा किलोपर्यंत सगळे सुरळीत चालते. पन्नास किलोच्या पुढे चकली तेलकट होऊ लागते, चिवड्याची पाकिटे परत येतात आणि रात्री जागूनही डब्यात पैसे उरत नाहीत. यातली प्रत्येक अडचण ओळखता येते आणि बहुतेक दुरुस्तही होतात. फक्त सुरुवात हिशेबाच्या वहीपासून करावी लागते.

किलोचा हिशेब कच्च्या मालाच्या वजनावर मांडणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून ती नीट पाहू. पातळ पोह्यांच्या चिवड्याचा एक घाणा घ्या. भाव केवळ हिशेबापुरते धरले आहेत, तिथे तुमचे भाव घाला.

पोहे ५ किलो, ३५० रुपये
शेंगदाणे १.२ किलो, १६८ रुपये
डाळे ८०० ग्रॅम, १०४ रुपये
सुके खोबरे ५०० ग्रॅम, १५० रुपये
तेल १.२ लिटर, १८० रुपये
मिरची, कढीपत्ता, पिठीसाखर, मीठ, मसाला, १३० रुपये

एकूण १,०८२ रुपये. सगळ्या सामानाचे वजन साधारण ९ किलो, म्हणून वहीत "किलोला १२० रुपये" असे लिहिले जाते. पण पोहे भाजताना त्यांतला ओलावा उडतो, मिरची आणि कढीपत्त्यातले पाणी जाते, खालचा चुरा चाळून काढावा लागतो. पाकिटात भरण्याजोगा चिवडा ८.२ किलो निघाला तर किलोमागे सामानच १३२ रुपयांचे झाले. चूल विझायच्या आत बारा रुपये गेले.

आता पुढचे. दोन जणींचे तीन-तीन तास, तासाला ७० रुपये धरले तर ४२० रुपये, म्हणजे किलोला ५१. गॅस ६. पाव किलोची चार पाकिटे आणि लेबले १८. पोचवणे १०. चव द्यायला, फाटलेल्या पाकिटांत, परत आलेल्या मालात जाते त्याचे ७. बेरीज २२४ रुपये. १२० आणि २२४ यांतला फरक बघा. "घरचेच हात आहेत, मजुरी कशाला धरायची?" हा प्रश्न हमखास येतो. मजुरी धरायचीच, कारण धंदा वाढला की त्या कामाला बाई ठेवावी लागते आणि तेव्हा ते ५१ रुपये खरेच द्यावे लागतात. पहिल्यापासून भावात नसले तर ऐन वाढीच्या वेळी भाव वाढवायची पाळी येते आणि गिऱ्हाईक बिथरते.

विक्री ३२० रुपयांनी असेल तर किलोला ९६ रुपये उरतात. मोठ्या ऑर्डरला १५ टक्के सूट दिली की भाव २७२ आणि उरतात ४८. सूट पंधरा टक्क्यांची दिसली, नफा मात्र निम्म्यावर आला. तेवढाच पैसा मिळवायला दुप्पट चिवडा करावा लागेल. दुकानदाराने छापील किमतीवर २० टक्के घेतले तर तुमच्या हाती २५६ येतात आणि उरतात ३२. म्हणून दुकानात माल ठेवायच्या आधी छापील किंमत ठरवा आणि तिच्यातून उलटे मोजत या.

सामान आणतानाही एका गोष्टीकडे लक्ष हवे. तेलाचा डबा १५ किलोचा आहे की १५ लिटरचा, हे वाचूनच घ्या. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल सुमारे १३.६५ किलोच असते. सियागंजात, म्हणजे इंदूरच्या ठोक किराणा बाजारात, दोन दुकानांचे भाव विचारताना एक किलोचा आणि दुसरा लिटरचा असेल तर स्वस्त वाटणारा डबाच महाग निघतो.

नमकीनवाल्यांच्या भावाशी शर्यत लावणे

इंदूर हे शेवेचे शहर. मोठ्या भट्ट्यांवर रोज क्विंटलने माल निघतो, तेल-बेसन ठोक भावात येते. घरच्या कढईने त्यांच्या भावात शेव विकायला जाणे म्हणजे आपलीच मजुरी सोडून देणे. त्यांच्याकडे सहसा न मिळणारे विका: भाजणीची चकली, कडबोळी, मेतकूट, थालीपीठ भाजणी, गोडा मसाला. मेतकूट आणि भाजण्या तर वर्षभर चालतात, तळण लागत नाही, तुटफूट नाही. दिवाळीनंतर धंदा थंड पडतो अशी तक्रार असलेल्यांनी चिवड्याचे नवे प्रकार काढण्यापेक्षा हे दोन पदार्थ यादीत वर घ्यावेत. आणि यादी आटोपशीर ठेवा. अठरा पदार्थांसाठी अठरा प्रकारचे सामान अडकून पडते, त्यातले निम्मे जुने होते.

माल का बिघडतो

चिवडा चार दिवसांत मऊ पडला तर आधी पाकीट केव्हा भरले ते विचारा. वरून कोमट वाटणारा ढीग आत बराच वेळ गरम असतो. तसाच भरला की वाफ पाकिटातच जिरते. परातीत दोन बोटांपेक्षा जाड थर नको, मधोमध हात घालून गार लागला पाहिजे. दुसरे कारण कढीपत्ता. पान चुटकन मोडेपर्यंत तळले नाही तर त्यातले पाणी पोह्यांत उतरते. पिठीसाखर गरम चिवड्यावर घातली तर ती विरघळते, पोह्यांना चिकटते आणि ओल धरते. ती शेवटी, गार झाल्यावर.

हे सगळे बरोबर असूनही मऊ पडतो? मग सील तपासा. बादलीभर पाण्यात पाकीट बुडवून हलके दाबा. बुडबुडे कोठून येतात ते लगेच दिसते. बहुतेक वेळा सीलच्या पट्टीत चिवड्याचा कण किंवा तेलाचा थेंब अडकलेला असतो. भरताना पाकिटाच्या तोंडात जाड कागदाची नळी धरली आणि सील करण्याआधी तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसले की हे जाते. पारदर्शक साध्या थैलीतून ओल, हवा आणि उजेड तिन्ही आत जातात; महिनाभर टिकवायच्या मालाला मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा चंदेरी थर असलेले पाकीटच हवे.

खवट वास पहिल्यांदा सुक्या खोबऱ्याला आणि शेंगदाण्याला येतो. तेव्हा वास आलेल्या पाकिटातले दोन्ही वेगवेगळे चाखा, कारण सापडते. खोबरे जुने होते की तेल थकलेले, हे त्यातून कळते. उरलेल्या तेलात ताजे तेल ओतून काम चालवू नका. जुने तेल नव्याला लवकर बिघडवते. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडताना तयार होणारे घटक) २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली की ते तेल वापरायचे नाही. ते तपासायच्या पट्ट्या मिळतात. पट्टी नसेल तर तेल काळसर झाले, वर फेस धरू लागले, नेहमीपेक्षा लवकर धूर सोडू लागले, की ते बदला.

चकलीचे दुखणे वेगळे. किलोभर भाजणीला खुसखुशीत होणारी चकली पाच किलोला तेल पिते, कारण ऑर्डर उरकायची म्हणून कढईत दुप्पट चकल्या सोडल्या जातात. १७०-१८० अंशांवर असलेले तेल एकदम गार होते, दीडशेच्या खाली गेले की चकली तळली न जाता तेलात भिजत राहते. एक थर, त्यापेक्षा जास्त नाही, आणि घाण्यांच्या मध्ये तेल पुन्हा तापू द्यायचे. तळणाचा थर्मामीटर घ्या, अंदाज माणसागणिक बदलतो. पीठही पाच किलोचे एकदम भिजवू नका. अर्ध्या तासात तळून होईल एवढेच मळा, पडून राहिलेल्या पिठाची चकली तुटते. चकली तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झाले आहे, दाताला कडक लागत असेल तर कमी. वाटीने मोजणे सोडा. भाजणी, मोहन, पाणी, तिखट, मीठ, सगळे काट्यावर, ग्रॅममध्ये. हाताचा अंदाज कामाच्या बाईला शिकवता येत नाही, ग्रॅमचा कागद भिंतीवर लावता येतो.

प्रत्येक घाण्यातली चार पाकिटे बाजूला ठेवून १५, ३०, ४५ आणि ६० दिवसांनी उघडा. "इतक्या दिवसांत वापरा" हा आकडा त्यातूनच ठरवा. मे महिन्यात काढलेला आकडा आषाढ-श्रावणात चालणार नाही, पावसाळ्यासाठी वेगळा काढा. पाकिटावर घाण्याचा क्रमांक टाकला नसेल तर तक्रार आल्यावर कोणता माल परत मागवायचा हेच कळत नाही.

विक्री वाढली आणि पैसे संपले

वरच्याच हिशेबाने तीनशे किलो चिवडा दुकानांत दिला असे धरा. कागदावर नफा ९,६०० रुपये. पण माल तयार करून पोचवेपर्यंत सामान, पाकिटे, मजुरी, गॅस, गाडी मिळून ६५,१०० रुपये तुमच्या खिशातून गेलेले असतात आणि दुकानदार म्हणतो, "दिवाळी आटोपू द्या ताई, मग बघू." सियागंजातला व्यापारी मात्र थांबत नाही. धंदा तोट्यात नसूनही पुढच्या मालाला पैसे नसतात. वाढीच्या काळात बहुतेक घरगुती धंदे इथेच अडतात.

त्यासाठी: घरपोच ऑर्डरला निम्मी रक्कम आधी. दुकानाला पहिल्या खेपेचे पैसे आल्याशिवाय दुसरी खेप नाही, आणि हे पहिल्याच दिवशी सांगायचे. वहीत एकूण उधारीपेक्षा कोणाकडे किती दिवसांपासून अडकली ते लिहा. धंद्याचे खाते आणि त्याचा क्यूआर वेगळा ठेवा. घरच्या किराण्याचे पैसे त्याच खात्यातून गेले तर महिनाअखेर काहीच उमगत नाही.

उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. दिवाळीच्या भेटींसाठी कंपन्यांना माल देत असाल तर तिचा थेट उपयोग आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

कागदपत्रांतल्या न दिसणाऱ्या चुका

लेबल फक्त मराठीत छापणे ही आपल्याकडची खास चूक. आवश्यक मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावाच लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, शाकाहारी खूण, निव्वळ वजन, सर्व करांसह छापील किंमत, तारखा, पूर्ण पत्ता आणि तक्रारीचा फोन हे पाहा. वजनकाट्यावर तपासणीचा शिक्का हवा.

दुसरी चूक पुण्याच्या पार्सलांची. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर मध्य प्रदेशात जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. पण ही सवलत राज्यातल्या विक्रीपुरती आहे. देवास, उज्जैन, महू, भोपाळ चालेल. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला करपात्र माल विकायचा तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांना उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरू देणाऱ्या योजनेत, उत्पादकाला एकच टक्का कर असल्याने ती स्वस्त वाटते, पण तिच्यात राज्याबाहेर माल विकताच येत नाही. म्हणून नोंदणीचा प्रकार निवडण्याआधी वहीतून बाहेरगावच्या ऑर्डरी मोजा आणि तो आकडा घेऊन सीएकडे जा. पाकीटबंद नमकीनवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. नोंदणी झाली की ३२० रुपयांच्या छापील किमतीतले सुमारे १५ रुपये कराचे, हे वरच्या हिशेबात घाला.

घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरवर धंदा करता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या आणि गॅसचा खर्च त्याच भावाने धरा.

ऑर्डर किती घ्यायची

कढई दिवसाला किती माल काढते यावर ऑर्डर घेतली जाते आणि तिथेच दिवाळी हुकते. कढईच्या पुढे माल गार होणे, वजन करणे, सील, लेबल आणि खोकी भरणे असते. एका पाकिटाला ४५ सेकंद लागले तर शंभर किलोच्या चारशे पाकिटांना पाच तास लागतात, आणि ते तास तळणाऱ्या बाईकडे नसतात. म्हणून नवी मोठी कढई किंवा कर्जाची मशीन घेण्याआधी घड्याळ लावून प्रत्येक टप्पा मोजा. बऱ्याचदा चार मोठ्या पराती, एक पंखा, दुसरे सील मशीन आणि फक्त भरायला एक मुलगी एवढ्यावर काम दीडपट होते.

भाजण्या नवरात्रातच दळून ठेवा. चिवडा आणि चकली धनत्रयोदशीच्या आठ-दहा दिवस आधी सुरू करा, मेतकूट-मसाले त्याही आधी. शेवटची ऑर्डर कोणत्या तारखेला घेणार ते यादीच्या पहिल्या ओळीत लिहा. त्यानंतर आलेल्या फोनला "मामी, आता तुळशीच्या लग्नापर्यंतची ऑर्डर लिहून घेते" असे सांगा आणि ती वहीच्या पुढच्या पानावर नोंदवा.